शिकवणाऱ्यांचे शिकणे

शाळेत शिकवायचे तर डी.एड., बी.एड. लागते. महाविद्यालयात शिकवायला मात्र विषयातली पदवी पुरे, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८-४९) उजळणी वर्ग सुचवले, तेही माध्यमिक शाळा आणि इंटरमीजिएट महाविद्यालयांच्या शिक्षकांसाठी. नव्या अधिव्याख्यात्यालाही शिकवण्याची ओळख करून द्यावी, मोठ्या विद्यापीठांत त्यासाठी कायमचे स्टाफ कॉलेज असावे, हा विचार कोठारी आयोगाने (१९६४-६६) मांडला.

तो प्रत्यक्षात यायला वीस वर्षे लागली. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने निवडक विद्यापीठांत ॲकॅडमिक स्टाफ कॉलेजे काढली. पुढे त्यांची संख्या साठाच्या वर गेली. आपल्या मराठी माणसांच्या जवळची म्हणजे पुणे, मुंबई, नागपूर येथील. नवख्यांसाठी चार आठवड्यांचा उद्बोधन वर्ग, अनुभवींसाठी तीन आठवड्यांचा उजळणी वर्ग, अशी घडी पुढे बसली. तालुक्याच्या गावी एकट्याने विषय शिकवणाऱ्या प्राध्यापकाला बरोबरीचे दहा-वीस जण प्रथमच तिथे भेटत. हा लाभ लहान नव्हता.

पण १९८८च्या वेतनश्रेणीत वरिष्ठ श्रेणीसाठी हे वर्ग आवश्यक ठरले आणि शिकणे बढतीला जोडले गेले. सक्ती नसती तर कित्येक जण गेलेच नसते, हे खरे. तरीही सक्तीने माणूस वर्गात येतो, मन येईलच असे नाही. दवाखाना सांभाळून मी काही वर्षे होमिओपॅथीच्या विद्यार्थ्यांना शिकवले. तेव्हा अशाच एका कार्यशाळेला गेलो होतो. शेवटच्या दिवशी व्याख्यात्यांनी विचारले, "काही शंका?" सभागृह गप्प. गर्दी झाली ती प्रमाणपत्रांच्या टेबलाशी. त्या गर्दीत मीही होतो, हे लपवत नाही.

२०१५मध्ये ही कॉलेजे मानव संसाधन विकास केंद्रे झाली. २०२३पासून ती मालवीय मिशनची शिक्षक प्रशिक्षण केंद्रे आहेत. बरेचसे वर्ग आता ऑनलाइन भरतात. पाट्या बदलल्या, बढतीचा धागा तसाच आहे.

आमच्या तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. म्हणजे वाचणे, विचारणे, चिंतन करणे, पाठ घोकणे. आणि दुसऱ्याला सांगणे सर्वांत शेवटी. स्वाध्यायाची गणना तिथे तपात आहे. तपाचे प्रमाणपत्र मिळत नाही.

तुमच्या घरी, शेजारी कोणी प्राध्यापक असतील. "किती कोर्स झाले?" असे त्यांना सगळेच विचारतात. "तिथून आल्यावर वर्गात काय वेगळे केलेत?" असे एकदा तुम्ही विचारा. या योजनेचा खरा हिशेब त्या उत्तरात आहे.