धावायला शिकवण्याचा पगार

१८६६ साली लंडनमध्ये अमॅच्युअर अॅथलेटिक क्लब स्थापन झाला आणि ‘हौशी खेळाडू’ कोणाला म्हणायचं, हे कागदावर आलं. पैशांच्या बक्षिसासाठी धावणारा त्यातून बाद झाला. कारागीर आणि मजूरही बाद झाले, कारण त्या काळच्या इंग्लंडमध्ये सभ्य गृहस्थाच्या शेजारी त्यांना उभं करायचं नव्हतं. आणि त्याच दमात आणखी एक जण बाद झाला : उपजीविकेसाठी मैदानी खेळ शिकवणारा. धावून पैसे मिळवणं जितकं हलकं, तितकंच धावायला शिकवून पोट भरणंही हलकं. कॉलेजच्या धावपटूंना तयार करणाऱ्या पगारी प्रशिक्षकाची कुळकथा या व्याख्येपासून सुरू होते. तिची सावली अजूनही त्याच्या पगारावरून हटलेली नाही, असं मला वाटतं.

त्याआधी लांब पल्ल्याचं धावणं-चालणं पैजांवर चाले. १८०९ साली कॅप्टन बार्कलेने न्यूमार्केटला दर तासाला एक मैल असे सलग १००० तास चालून १००० गिनींची पैज जिंकली. असा माणूस तयार करणारे जाणकार असत. त्याला खायला काय द्यायचं, घाम किती काढायचा, झोप किती द्यायची, कोणतं अंतर कोणत्या वेगाने करून घ्यायचं, हे त्यांना पाठ असे. ज्यांचे पैसे पैजेत लागलेले असत, ते त्यांना मोबदला देत. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे विद्यार्थी १८६४ साली मैदानी स्पर्धेत पहिल्यांदा समोरासमोर आले, तेव्हा त्यांच्यापाशी पाय होते आणि वेळही होता. विद्या मात्र पैजवाल्यांच्या जगात होती, आणि त्या जगाशी संबंध ठेवणं तर आता कमीपणाचं ठरत होतं.

अमेरिकेतल्या कॉलेजांनी हा संकोच लवकर सोडला, कारण त्यांना जिंकायची घाई होती. हार्वर्डला नौकाशर्यतीत हरवायचं म्हणून येलने १८६४ साली विल्यम वुड या व्यायामशिक्षकाला पैसे देऊन बोलावलं, आणि येल जिंकलं. धावपटूंची पाळी वीसेक वर्षांनी आली. १८८७च्या सुमारास येलने माइक मर्फीला नेमलं. तो तरुणपणी सहा-सहा दिवस चालणाऱ्या शर्यतींत उतरलेला, म्हणजे त्या धंदेवाईक जगाचाच माणूस. पुढची पंचवीस वर्षं येल आणि पेनसिल्व्हेनिया ही विद्यापीठं त्याला एकमेकांकडून ओढून नेत राहिली. १९०८ आणि १९१२च्या ऑलिम्पिकला अमेरिकेचे धावपटू त्याच्याच हाताखाली गेले. पण त्याला पगार कशाचा मिळत होता, हे नीट पाहायला हवं. तो ‘ट्रेनर’ होता. शरद ऋतूत फुटबॉल खेळाडूंचे मुरगळलेले घोटे बांधायचे, त्यांचा दम वाढवायचा, आणि वसंतात धावपटू घडवायचे. फुटबॉलच्या सामन्याला तिकीट विकलं जाई. शेतातून, चिखलातून पाच मैल धावणाऱ्या मुलांना पाहायला कोण तिकीट काढणार? धावण्याच्या प्रशिक्षकाचं घर चाललं ते फुटबॉलच्या गल्ल्यावर. ही रीत तेव्हा पडली, ती पडलीच.

कॉर्नेलचा जॅक मोकली याला थोडा अपवाद. १८९९ साली तो तिथे रुजू झाला आणि पन्नास वर्षं राहिला. अमेरिकी कॉलेजांत क्रॉस कंट्री ही तोवर वसंतातल्या स्पर्धांआधीची शरदातली तयारी मानली जात होती. मोकलीने तिला स्वतंत्र खेळाची प्रतिष्ठा मिळवून दिली. कॉर्नेलच्या टेकड्यांवर त्याची पोरं वर्षानुवर्षं जिंकत राहिली. १९१३ साली त्याचा विद्यार्थी जॉन पॉल जोन्स ४ मिनिटं १४.४ सेकंदांत मैल धावला, आणि आंतरराष्ट्रीय महासंघाने मान्य केलेला तो मैलाचा पहिला जागतिक विक्रम ठरला. १९२०च्या अँटवर्प ऑलिम्पिकला अमेरिकेच्या मैदानी संघाचा मुख्य प्रशिक्षक मोकलीच होता. त्याच अँटवर्पला बेळगावचा फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९वा आला.

या कुळातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा पुरुष मात्र मोकली नव्हे, आल्फ्रेड श्रब आहे. ससेक्समधल्या स्लिनफोल्ड गावचा हा १८७९चा जन्म. बांधकामावर मजुरी करणारा पोरगा. आगीचा बंब चालला असताना कामाच्या जाड बुटांनिशी त्याच्याबरोबर मैलोनमैल धावला, आणि कोणीतरी ते पाहून त्याला हॉर्शमच्या क्लबात नेलं, अशी त्याची गोष्ट सांगतात. १९०३ आणि १९०४ साली तो आंतरराष्ट्रीय क्रॉस कंट्रीचा विजेता होता. १९०४च्या सेंट लुईस ऑलिम्पिकला ब्रिटनने संघच पाठवला नाही, नाहीतर त्याच्या नावावर पदकं असती, याबद्दल मला शंका नाही. त्या वर्षी ५ नोव्हेंबरला ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर तो एक तास धावला. ११ मैल ११३७ यार्ड, आणि वाटेत एकामागून एक विक्रम पडत गेले. त्यातला दहा मैलांचा, ५० मिनिटं ४०.६ सेकंदांचा, फिनलंडच्या पाव्हो नुर्मीने १९२८ साली मोडेपर्यंत टिकला.

१९०५ साली, पैसे घेतल्याचा ठपका ठेवून, इंग्लंडच्या हौशी अॅथलेटिक संघटनेने त्याला कायमचं बाहेर काढलं. ही संघटना १८८० साली ऑक्सफर्डच्या रँडॉल्फ हॉटेलात जन्मली होती. कारागीर-मजुरांना वगळणारं कलम तिने काढून टाकलं, पैशाचा विटाळ मात्र ठेवला. श्रब मग उघड धंदेवाईक झाला. घोड्यांशी धावला, पाच-पाच जणांच्या रिले संघांशी एकटा धावला, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये कॅनडाच्या टॉम लाँगबोटशी मॅरेथॉन धावून हरला. आणि या सगळ्या धामधुमीत, १९०८च्या सुमारास, हार्वर्डने त्याला आपल्या क्रॉस कंट्री संघाचा प्रशिक्षक नेमलं. पहिल्या महायुद्धानंतर ऑक्सफर्डने तेच केलं. ज्या गावात बसून हौशीपणाचे नियम लिहिले गेले, त्याच गावच्या विद्यापीठाने, त्याच नियमांनी बाद ठरवलेल्या माणसाला आपला पहिला पगारी प्रशिक्षक केलं. त्याला स्वतःला शर्यतीत उभं राहायची परवानगी नव्हती. विद्यार्थ्यांना शर्यतीसाठी उभं करायचं काम चालणार होतं.

फक्त लांब पल्ल्याचं धावणं शिकवण्यासाठी एखाद्या विद्यापीठाने माणूस शोधून पैसे देऊन आणला, असं उदाहरण म्हणून मी श्रबकडे बोट दाखवतो. फुटबॉलचे घोटे बांधायचं काम त्याच्या माथी नव्हतं. पण त्याची नेमणूक ज्या कारणाने झाली, त्याच कारणाने त्याची किंमतही उतरली. तो धंदेवाईक होता, म्हणून विद्या होती. धंदेवाईक होता, म्हणूनच प्राध्यापकांच्या पंगतीला बसणारा नव्हता. हौशी म्हणून त्याला परत घेतलं गेलं ते १९५३ साली. तेव्हा तो ७३ वर्षांचा होता.

इंग्लंडात पुढेही हे अर्धवट नातं चालू राहिलं. १९२०च्या ऑलिम्पिकला ८०० आणि १५०० मीटर या दोन्ही शर्यती जिंकणाऱ्या आल्बर्ट हिलला घडवणारा सॅम मुसाबिनी पगारी होता, म्हणून अधिकृत वर्तुळाच्या बाहेर होता. फ्रान्झ स्टाम्फल लंडनमधल्या बराकीच्या मैदानावर शिलिंगभर फी घेऊन धावपटूंना शिकवी. १९५४ साली ऑक्सफर्डच्या इफली रोडवर रॉजर बॅनिस्टर चार मिनिटांच्या आत मैल धावला, त्यामागे स्टाम्फलचं डोकं होतं. पुढच्याच वर्षी मेलबर्न विद्यापीठाने त्याला नेमणूक दिली. मेलबर्नचा विद्यार्थी राल्फ डूबेल १९६८ साली मेक्सिकोत ८०० मीटरचं सुवर्ण घेऊन आला, ते त्या नेमणुकीचं फळ.

अमेरिकेत मात्र या कामाला आकार आला तो कॉलेजातच, आणि दर वेळी दुसऱ्या कशाच्या तरी आडोशाने. ओरेगॉन विद्यापीठात बिल हेवर्डने चार दशकांहून अधिक काळ धावपटू घडवले. फुटबॉल संघाचं ट्रेनरपण त्याच्याकडेच होतं, काही वर्षं बास्केटबॉलही. आज धावपटूंची पंढरी मानलं जाणारं हेवर्ड फील्ड १९१९ साली बांधलं गेलं ते फुटबॉलसाठी. हेवर्डनंतर १९४८ साली आलेला बिल बॉवरमन आधी शाळेत फुटबॉल शिकवत होता. त्याने ओरेगॉनला चार राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली, आणि १९६४ साली फिल नाइट या आपल्या जुन्या विद्यार्थ्याबरोबर प्रत्येकी ५०० डॉलर घालून बुटांचा धंदा उघडला. तोच पुढे नायकी झाला. बॉवरमनला पैसा मिळाला तो बुटांनी. व्हिलानोव्हाचा जंबो एलियट याने तर पूर्णवेळ प्रशिक्षकाची नोकरी कधी केलीच नाही. दिवसा बांधकामाची अवजड यंत्रं विकायची, दुपारी ट्रॅकवर यायचं. १९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये १५०० मीटर जिंकणारा आयरिश रॉन डेलनी त्याचा शिष्य. जगातल्या सर्वोत्तम मध्यम पल्ल्याच्या शाळांपैकी एक शाळा एका यंत्रविक्रेत्याच्या मोकळ्या वेळेवर चालली. हे कौतुकाने सांगितलं जातं. मला त्यात त्या कामाची हेटाळणीही दिसते.

शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई करणारा १९७२चा टायटल नाइन कायदा आला आणि मुलींचे संघ उभे राहिले. १९८१ साली एनसीएएने, म्हणजे अमेरिकी कॉलेजांतल्या खेळांचं नियमन करणाऱ्या संघटनेने, महिलांची पहिली राष्ट्रीय क्रॉस कंट्री स्पर्धा घेतली. प्रशिक्षकांच्या जागा दुप्पट व्हायला हव्या होत्या. अनेक ठिकाणी झालं ते असं, की एकाच माणसाकडे मुलगे आणि मुली, शरदातली क्रॉस कंट्री, हिवाळ्यातली बंदिस्त ट्रॅक आणि वसंतातली उघड्यावरची, असे सहा संघ आले. उंच उडीच्या किंवा गोळाफेकीच्या प्रशिक्षकाला शरदात थोडी उसंत असते. लांब पल्ल्याच्या प्रशिक्षकाला ती नसते. उन्हाळ्यात मुलं घरी गेली तरी त्यांचे आठवड्याचे मैल ठरवून द्यायचे असतात, आणि पुढच्या वर्षीच्या मुलांच्या घरी फोन करायचे असतात.

आणि मग १९९१ साली एनसीएएने एक नियम केला, ज्याचा मला आजही राग येतो. खर्च कमी करायचा म्हणून त्यांनी सहायक प्रशिक्षकांचा एक ‘मर्यादित कमाई’चा वर्ग काढला. शैक्षणिक वर्षाचे जास्तीत जास्त १२,००० डॉलर, उन्हाळ्याचे ४,०००. पहिल्या श्रेणीतल्या सगळ्या विद्यापीठांनी मिळून ठरवलं, की या माणसाला यापेक्षा जास्त कोणी द्यायचं नाही. नवोदितांना उमेदवारीची जागा मिळावी, असं कारण दिलं गेलं. प्रत्यक्षात त्या जागांवर वर्षानुवर्षं काम केलेली माणसंही होती. नॉर्मन लॉ या बास्केटबॉल प्रशिक्षकासह काही जण न्यायालयात गेले, आणि खटल्यात इतर खेळांचे प्रशिक्षकही सामील झाले. १९९८ साली अपील न्यायालयाने सांगितलं की हा मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग आहे : पगार पाडण्यासाठी मालकांनी केलेली एकजूट. त्याच वर्षी ज्युरीने ठरवलेली भरपाई कायद्याप्रमाणे तिप्पट होऊन सुमारे ६ कोटी ७० लाख डॉलरवर गेली. १९९९ साली ५ कोटी ४५ लाखांवर तडजोड झाली.

या निकालाने पगारावरची मर्यादा गेली. पण पगारच नसलेली जागा राहिली : स्वयंसेवक प्रशिक्षक. मार्क वेटमोर हा १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला न्यू जर्सीहून कोलोरॅडोच्या बोल्डरला गेला, तो असा बिनपगारी म्हणूनच. १९९५ साली तो मुख्य प्रशिक्षक झाला आणि पुढे कोलोरॅडोच्या मुलांनी पाच, मुलींनी तीन राष्ट्रीय क्रॉस कंट्री विजेतेपदं मिळवली. त्याचं उदाहरण देऊन कित्येक तरुण प्रशिक्षकांना सांगितलं गेलं की काही वर्षं फुकट काम करा, मग बघू. ज्याच्या पाठीशी घरचा पैसा किंवा जोडीदाराची नोकरी आहे, त्यालाच ती काही वर्षं परवडतात. १८६६च्या व्याख्येने मजुराला बाहेर ठेवलं होतं. या जागेने त्याच्या नातवंडांना बाहेर ठेवलं. जानेवारी २०२३ मध्ये एनसीएएने पहिल्या श्रेणीतली स्वयंसेवक प्रशिक्षकाची जागा रद्द करून तिला पगारी करण्याची मोकळीक दिली आणि १ जुलैपासून ते लागू झालं. त्यासाठीही न्यायालयाची पायरी चढावी लागली होती.

खेळाडूंच्या मोबदल्यावरून एनसीएएविरुद्ध चाललेल्या हाउस खटल्यात २०२५च्या जूनमध्ये मंजूर झालेल्या तडजोडीने आता विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठ सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. खेळाडूंना त्यांचा वाटा मिळतोय, ते योग्यच आहे. पण त्यातला बहुतांश फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे जातो, आणि तो कुठून तरी काढावा लागतो. त्याच तडजोडीने क्रॉस कंट्री संघात आता जास्तीत जास्त १७ जण. मर्फीच्या काळापासून धावण्याच्या प्रशिक्षकाला फुटबॉलच्या गल्ल्याने पोसलं, तोच गल्ला आता दुसरीकडे वळतो आहे. विद्यापीठांनी या जागा टिकवायला हव्यात. चार वर्षं रोज पहाटे एका तरुण शरीराचा दम, दुखापत आणि धीर यांवर नजर ठेवणारा माणूस हा शिक्षकच आहे, आणि त्याला शिक्षकाचा पगार मिळायला हवा.

आता आपल्याकडे पाहू. महाराष्ट्रातल्या बहुतेक कॉलेजांत कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळं एकटा शारीरिक शिक्षण संचालक पाहतो. लांब पल्ल्यासाठी वेगळा प्रशिक्षक नेमण्याची पद्धत इथे रुजलीच नाही. आपल्याकडचे धावपटू घडतात ते सैन्यात, रेल्वेत, पोलिसांत किंवा क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रांवर. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये गेला. स्टीपलचेसमध्ये त्याला उभं केलं ते सैन्याचे प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी. पुढे २०२२ साली भारतीय अॅथलेटिक्स महासंघाने त्याला कोलोरॅडो स्प्रिंग्जला स्कॉट सिमन्स यांच्याकडे पाठवलं. सिमन्स पूर्वी शार्लटच्या क्वीन्स विद्यापीठात प्रशिक्षक होते. नंतर त्यांनी स्वतंत्र गट काढला आणि अमेरिकी सैन्याच्या पगारावर असलेले धावपटू तयार केले. रिओ ऑलिम्पिकमध्ये ५००० मीटरचं रौप्य मिळवणारा पॉल चेलिमो त्यांतलाच. २०२२च्याच मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या सॅन हुआन कॅपिस्ट्रानोला साबळे ५००० मीटर १३ मिनिटं २५.६५ सेकंदांत धावला आणि बहादूर प्रसाद यांचा १९९२पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ८:११.२० वेळ देत स्टीपलचेसचं रौप्य घेतलं.