आरक्षणाची खिडकी आणि जुनी आज्ञावली

1980 च्या सुमारास आम्ही दिल्लीत राहत होतो. मे महिन्यात पुण्याला जायचे ठरले की वडील पहाटे उठून आरक्षणाच्या रांगेत उभे राहत. जाण्याचे तिकीट कसेबसे मिळे. परतीच्या आरक्षणासाठी मात्र तार करावी लागे आणि उत्तर वेळेवर येईलच, याची खात्री नसे. प्रत्येक खिडकीला गाड्या ठरलेल्या, प्रत्येक गाडीच्या नोंदी वेगळ्या. एका गाडीत जागा नाही असे कळले की दुसऱ्या रांगेच्या शेपटाला जाऊन उभे राहायचे. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या माझ्या वयाच्या वाचकांना हे चित्र नवे नसावे.

1985 मध्ये नवी दिल्लीत संगणकीय आरक्षणाचा प्रारंभ झाला. सीएमसी या तत्कालीन सरकारी कंपनीच्या साहाय्याने रेल्वेने ‘इम्प्रेस’ ही प्रणाली उभी केली. तिचा मोठा गुण असा, की कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू लागले. पुढे मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद येथेही अशी केंद्रे झाली. परंतु ही पाच केंद्रे म्हणजे पाच स्वतंत्र संस्थानेच होती. परतीच्या तिकिटाचा प्रश्न सुटला नव्हता.

तो सोडवण्यासाठी 1986 मध्ये स्थापन झालेल्या ‘क्रिस’ या रेल्वेच्याच संस्थेने ‘कॉन्सर्ट’ ही नवी आज्ञावली लिहिली. 1994 मध्ये ती प्रथम सिकंदराबादला बसवली गेली आणि 1999 मध्ये पाचही केंद्रे परस्परांशी जोडली गेली. या कामाला सुमारे पाच वर्षे लागली. बाहेरून पाहणाऱ्याला ही दिरंगाई वाटेल. मला ती शहाणपणाची वाटते, कारण या काळात गाड्या थांबल्या नाहीत की खिडक्या बंद झाल्या नाहीत. महिलांचा कोटा, मधल्या स्थानकांचा कोटा, आरएसी, प्रतीक्षायादी असे असंख्य नियम एका घरातून दुसऱ्या घरात हलवायचे होते. त्यातच 1997 मध्ये तत्काळ योजनेची भर पडली!

2002 मध्ये आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावरून तिकिटे मिळू लागली, तेव्हाही मूळ प्रणाली मोडली नाही. आंतरजालावरची मागणी मधल्या दुव्यामार्फत त्याच जुन्या गाभ्याकडे जाई आणि जागा तोच देई. छापील तिकीट प्रारंभी कुरिअरने घरी येत असे! नवे दार जुन्या घरालाच बसवले होते.

तर सांगायचा मुद्दा असा, की जुनी आज्ञावली म्हणजे केवळ जुने यंत्र नव्हे. अर्थशास्त्र आम्हाला शिकवते, की बुडीत खर्चाकडे पाहून पुढचा निर्णय घेऊ नये. ते खरेच आहे. पण जुन्या प्रणालीत खर्चाखेरीज आणखी एक भांडवल साठलेले असते, ज्याची नोंद कोणत्याही ताळेबंदात नसते. ते म्हणजे वर्षानुवर्षांच्या अपवादांचे ज्ञान.

हे मी किंमत मोजून शिकलो. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात निवृत्तिवेतनाची जुनी प्रणाली बदलणाऱ्या समितीचा मी अध्यक्ष होतो. नियमपुस्तिका समोर ठेवून आम्ही सर्व काही नव्याने लिहून घेतले आणि एका रात्रीत बदल केला. दुसऱ्या महिन्यात कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या काही वृद्ध महिलांचे पैसे थांबले. त्यांच्या जन्मतारखा कागदोपत्री नव्हत्याच. जुनी प्रणाली अशा नोंदी एका विशिष्ट खुणेने ओळखून पुढे पाठवी; नव्या प्रणालीने त्या सदोष ठरवल्या. निवृत्त झालेल्या एका अधीक्षकांनी ही गोष्ट दूरध्वनीवर दहा मिनिटांत समजावून सांगितली. बदलापूर्वी त्यांना विचारण्याचे मला सुचले नव्हते. पैसे सुरू व्हायला दोन महिने लागले. त्या आदेशावर सही माझी होती.

याचा अर्थ जुने तसेच जपून ठेवावे, असा नव्हे. रेल्वेची आरक्षण-प्रणाली 2010 पासून इटॅनियम जातीच्या संगणकांवर चालत होती, आणि त्या प्रक्रियकांचा पुरवठा इंटेलने 2021 मध्ये कायमचा थांबवला. ज्याचे सुटे भागच मिळेनासे होतात, त्यावर देशाचा प्रवास फार काळ विसंबून राहू शकत नाही. मिनिटाला 32 हजार तिकिटांची क्षमता दीड लाखाच्या पुढे नेणारी नवी प्रणाली उभारण्याची घोषणा रेल्वेने 2025 मध्ये केली, ती आवश्यकच होती. प्रश्न बदलावे की नाही हा नसतो. एका रात्रीत बदलावे की एकेक केंद्र करत, हा असतो.

हल्ली अशा बदलाची फाइल माझ्याकडे आली, की मी टिपणीत दोन प्रश्न लिहितो. जुनी आणि नवी प्रणाली किती महिने शेजारी शेजारी चालणार? आणि जुनी प्रणाली चालवणाऱ्यांपैकी कोणाकोणाशी आपण बोललो? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोरे असेल, तर फाइल परत जाते.