मौलवी मुहम्मद बाकर आणि ‘दिल्ली उर्दू अखबार’ : एका प्रकाशकाच्या चरित्राचे पुनर्वाचन

मौलवी मुहम्मद बाकर यांचा उल्लेख वृत्तपत्रसृष्टीच्या इतिहासात बहुधा एकाच संदर्भात येतो. १८५७च्या उठावानंतर इंग्रजांच्या हातून प्राणास मुकलेले संपादक ही त्यांची रूढ ओळख होय. ती खोटी नाही. परंतु तिच्यामुळे त्यांच्या प्रकाशकीय जीवनाची सुमारे वीस वर्षे अखेरच्या चार महिन्यांच्या छायेत गेली. ही वीस वर्षे स्वतंत्रपणे वाचली, तर त्या चार महिन्यांचा अर्थही बदलतो.

बाकर यांचा जन्म दिल्लीतील विद्वान शिया घराण्यात झाला. वडील मौलाना मुहम्मद अकबर हे धर्मशास्त्राचे जाणकार होते. १८०३मध्ये पटपडगंजच्या लढाईनंतर शिंद्यांची दिल्लीवरील सत्ता संपली आणि बादशहा कंपनीच्या छत्राखाली आला. त्यानंतरच्या दिल्लीत बाकर यांची पिढी वाढली. अजमेरी दरवाज्याबाहेरील गाजीउद्दीनच्या मदरशात १८२५मध्ये दिल्ली कॉलेज सुरू झाले. तेथे त्यांनी अध्ययन व अध्यापन केले आणि पुढे महसूल खात्यात नोकरी केली. पारंपरिक विद्या, नवे कॉलेज आणि सरकारी कचेरी या तिन्हींचा परिचय असलेला हा गृहस्थ वृत्तपत्राकडे वळला, तेव्हा परिस्थितीही अनुकूल होती. १८३५च्या कायद्याने मेटकाफ यांनी मुद्रणावरील परवान्याचे बंधन काढले होते. १८३७मध्ये फार्सीचे न्यायालयीन स्थान जाऊन उत्तरेत उर्दूला ते मिळण्याची वाट मोकळी झाली. याच सुमारास बाकर यांचे साप्ताहिक निघाले. ‘दिल्ली उर्दू अखबार’ हे नाव त्याने १८४०मध्ये धारण केले.

या उद्योगाचा पाया शिळाप्रेस हा होता. नस्तालीक लिपीच्या उतरत्या, एकमेकींत गुंतणाऱ्या अक्षरवळणांना खिळ्यांचे मुद्रण सोयीचे नव्हते आणि वाचकांच्या डोळ्यांना ते रुचतही नसे. शिळामुद्रणात कातिबाच्या हातची अक्षरे जशीच्या तशी दगडावर उतरत. त्यामुळे हस्तलिखितांवर पोसलेला कारागीर बेकार झाला नाही. तो छापखान्यात आला. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१मध्ये शिळाप्रेसवर पंचांग छापले, त्यामागेही परिचित वळण न मोडता प्रती वाढवण्याची हीच सोय होती. बाकर यांनी दिल्ली कॉलेजचा शिळाप्रेस विकत घेतला. यंत्र स्वतःचे असल्यामुळे काय छापावे याचा निर्णयही त्यांचाच राहिला.

‘अखबारा’ची रचना या दृष्टीने बोलकी आहे. ‘हुजूर-ए-वाला’ या मथळ्याखाली बादशहाच्या दरबाराचे वृत्त येई आणि ‘साहिब-ए-कलाँ’ या मथळ्याखाली इंग्रज रेसिडेंटच्या कारभाराचे. एकाच अंकात दोन सत्ता शेजारी मांडलेल्या असत. कोणती खरी आणि कोणती नामधारी, हे वाचकाने ठरवायचे. त्याखेरीज चोऱ्या, कोतवालीतील गैरव्यवहार, महागाई व रोगराई यांच्या बातम्या असत. दरबारी अखबारनविसीची जुनी पद्धत येथे शहराच्या उपयोगासाठी वळवलेली दिसते. पूर्वी बातमी राजाच्या कानासाठी लिहिली जाई. आता महिना दोन रुपये देणाऱ्या वर्गणीदारासाठी लिहिली जाऊ लागली.

वृत्तपत्राचा छापखाना आणि ग्रंथव्यवहार यांत तेव्हा सीमारेषा नव्हती. गालिब यांचा उर्दू दीवान १८४१मध्ये छापला गेला तो सय्यद अहमद खान यांचे बंधू सय्यद मुहम्मद खान यांच्या छापखान्यात, जेथून ‘सय्यदुल अखबार’ निघे. बाकर यांचे वर्तुळ वेगळे होते. बादशहाचे काव्यगुरू जौक हे त्यांचे बालपणापासूनचे स्नेही, आणि पुत्र मुहम्मद हुसेन आझाद हे जौक यांचे शिष्य. दिल्लीतील काव्यस्पर्धेच्या दोन बाजू अशा रीतीने दोन छापखान्यांच्या परिसरातही वावरत होत्या. मुद्रणाचा इतिहास बाजूला ठेवून त्या काळच्या काव्याचा इतिहास लिहिणे म्हणूनच अपुरे ठरते.

बाकर यांच्या स्थानाचे वेगळेपण ॲलोईस श्प्रेंगर यांच्याशी तुलना करता स्पष्ट होते. ऑस्ट्रियातील टिरोल प्रांतात १८१३मध्ये जन्मलेले हे प्राच्यविद्या पंडित १८४५मध्ये दिल्ली कॉलेजचे प्राचार्य झाले. त्यांच्या पुढाकाराने कॉलेजमधून ‘किरानुस्सादैन’ हे साप्ताहिक निघाले. पाश्चात्त्य ज्ञान उर्दूत आणणे हा त्याचा हेतू होता. ते उपयुक्त कार्य होते, परंतु त्याचा आधार संस्था आणि तिचे प्रमुख हा होता. बाकर यांच्यामागे असा आधार नव्हता. वर्गणी, छापखाना आणि शहरातील पत एवढेच त्यांचे भांडवल. पुढे श्प्रेंगर यांचा हस्तलिखितांचा मोठा संग्रह बर्लिनच्या राजग्रंथालयाने १८५७मध्ये विकत घेतला. ज्या वर्षी तो ग्रंथसंग्रह युरोपात सुरक्षित झाला, त्याच वर्षी दिल्लीचा हा छापखाना उद्ध्वस्त झाला.

मराठीतील जवळचे उदाहरण भाऊ महाजन, म्हणजे गोविंद विठ्ठल कुंटे, यांचे. २४ ऑक्टोबर १८४१ रोजी त्यांनी मुंबईत ‘प्रभाकर’ सुरू केले. १८४८पासून लोकहितवादींची शतपत्रे याच साप्ताहिकातून आली. पुढे ‘धूमकेतू’ (१८५३) आणि ‘ज्ञानदर्शन’ (१८५४) ही नियतकालिकेही त्यांनी काढली. स्वतःचा छापखाना, स्वतःचे पत्र आणि कोणाच्या आश्रयावाचून राज्यकर्त्यांवर टीका, हे दोघांतील साम्य. भेद शहरांचा आहे. मुंबईत पेशवाई संपून दोन दशके लोटली होती. तेथे टीकेचा रोख समाजसुधारणा आणि राज्यकारभार यांकडे होता. दिल्लीत बादशहा लाल किल्ल्यातच होता. तेथे दरबाराची साधी बातमीसुद्धा सत्तेच्या हक्काविषयीचे विधान होऊ शके. भाऊ महाजनांनी १८९०मध्ये नागपुरात देह ठेवला. बाकर यांना तसे वार्धक्य लाभले नाही.

११ मे १८५७ रोजी मेरठचे शिपाई दिल्लीत शिरले. १७ मेच्या अंकात त्या घटनांचे सविस्तर वृत्त आले आणि २४ मेच्या अंकात आझादांची कविता. हिंदू व मुसलमान या दोघांना उद्देशून आवाहने प्रसिद्ध झाली, आणि १२ जुलैपासून पत्राचे नाव बादशहाच्या तखल्लुसावरून ‘अखबारुज्जफर’ झाले. येथेच वीस वर्षांच्या सवयीचे महत्त्व कळते. उठावाची बाजू घेणारे हे पत्र शहरातील लूटमार आणि नागरिकांचे हाल यांच्याही बातम्या देत राहिले. सत्ता बदलली तरी शहराच्या वतीने तक्रार नोंदवण्याचे काम संपादकाने सोडले नाही.

सप्टेंबरमध्ये दिल्ली पडली आणि बाकर यांना ठार करण्यात आले. कॉलेजचे प्राचार्य फ्रान्सिस टेलर यांनी त्यांच्याकडे आश्रय घेतला होता. पुढे टेलर मारले गेले आणि त्यांनी मागे ठेवलेल्या कागदावरील मजकूर बाकर यांना भोवला, अशी परंपरागत कथा आहे. मृत्यू गोळीने की तोफेच्या तोंडी, याविषयीही कथने जुळत नाहीत. कथांची ही दाटी साहजिक आहे. तथापि चरित्राची साधने म्हणून अंकांचे मोल अधिक. १८४०चे अंक ख्वाजा अहमद फारुकी यांनी १९७२मध्ये दिल्ली विद्यापीठातर्फे प्रसिद्ध केले, तर १८५७चे अंक राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. हे दोन संच सहसा वेगवेगळ्या हेतूंनी हाताळले जातात : पहिला भाषा आणि समाजाच्या अभ्यासासाठी, दुसरा उठावासाठी. ते सलग वाचले, तर एका प्रकाशकाच्या वृत्तीतील सातत्य दिसते.

घर सोडताना आझादांनी जौक यांच्या गझलांचे बाड सोबत घेतले, असे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. पुढे लाहोरला स्थिरावून १८८०मध्ये त्यांनी ‘आब-ए-हयात’ हा उर्दू काव्याचा इतिहास प्रसिद्ध केला. त्या ग्रंथात हरपलेल्या दिल्लीचे जे जिवंत चित्र आहे, त्यामागे पित्याच्या छापखान्यात घडलेली दृष्टी आहे : माणसे, मुहल्ले, बोली आणि कलह टिपून ठेवण्याची. बाकर यांचा वारसा हौतात्म्याच्या कथेत जितका शोधावा, तितकाच या नोंद ठेवण्याच्या वृत्तीतही शोधला पाहिजे.