गोटहार्डची वाट कोणाची?

ऱ्हाईनचे खोरे आणि उत्तर इटलीचे मैदान यांच्यामध्ये आल्प्सची भिंत उभी आहे. ती ओलांडण्याची एक जवळची वाट स्वित्झर्लंडमधील उरी या चिमुकल्या प्रांतातून जाते. (काश्मीरमधील उरीशी याचा काही संबंध नाही.)

गोटहार्ड खिंड सुमारे २१०० मीटर उंचीवर आहे. पण खरा अडसर तिच्या उत्तरेकडील शोलेनेन घळीचा होता. तेराव्या शतकाच्या सुमारास या घळीत लाकडी पूल उभा राहिला आणि व्यापाराची वाट मोकळी झाली. लोककथा सांगते की हा पूल सैतानाने बांधला आणि मोबदल्यात पहिल्या प्रवाशाचा आत्मा मागितला. गावकऱ्यांनी पुलावरून बोकड पाठवला!

या वाटेचे मोल सत्ताधीशांनीही ओळखले. १२३१ मध्ये उरी हॅब्सबर्ग घराण्याच्या हातून सुटून थेट साम्राज्याच्या छत्राखाली आला.

मालवाहतुकीचा हक्क मात्र स्थानिक खेचरवाल्यांच्या संघांकडे होता. प्रत्येक संघाची हद्द ठरलेली असे. हद्द संपली की ओझे उतरवायचे, वखारीत ठेवायचे आणि पुढच्या संघाच्या जनावरांवर लादायचे. व्यापाऱ्यांना हा खोळंबा नकोसा वाटे. पण वाटेची डागडुजी आणि हिवाळ्यात बर्फ हटवणे हीही या संघांचीच जबाबदारी होती. ही निव्वळ मक्तेदारी नव्हती. वाटेवर जगणारेच ती वाट जगवत होते.

१८८२ मध्ये १५ किलोमीटरचा रेल्वे बोगदा खुला झाला. पैसा स्वित्झर्लंड, इटली आणि जर्मनीचा होता. घाम प्रामुख्याने इटालियन मजुरांचा. सुरुंगांचा धूर, कोंदट हवा, तुटपुंजी मजुरी यांविरुद्ध १८७५ मध्ये गोशेनेन येथे मजुरांनी काम थांबवले, तेव्हा उरीच्या शिबंदीने गोळीबार केला. चार मजूर ठार झाले. घाटवाटेवर पोसलेल्या प्रांताने परक्या मजुरांवर चालवलेल्या या गोळ्या गोटहार्डच्या गौरवगाथांत क्वचितच ऐकू येतात. कंत्राटदार लुई फाव्र यालाही १८७९ मध्ये त्याच बोगद्यात मृत्यूने गाठले.

१९८० मध्ये सुमारे १७ किलोमीटरचा रस्ता-बोगदा झाला आणि ट्रकांची रांग लागली. आता माल उरीत उतरत नव्हता. मागे उरत होता तो धूर आणि गोंगाट. अरुंद खोऱ्यात दोन्ही साचून राहतात. या त्रासातून उभ्या राहिलेल्या चळवळीत उरीचे रहिवासी अग्रभागी होते. आल्प्सपार जाणारा परदेशी माल सीमेपासून सीमेपर्यंत रेल्वेनेच न्यावा, ही त्यांची मागणी. सरकारचा विरोध असूनही २० फेब्रुवारी १९९४ च्या सार्वमतात सुमारे ५२ टक्के मतदारांनी ती मान्य केली आणि ती थेट राज्यघटनेत गेली.

२००१ पासून अवजड वाहनांवर वजन व अंतरानुसार कर आला. २०१६ मध्ये ५७ किलोमीटरचा नवा रेल्वे बोगदाही खुला झाला. आज स्विस आल्प्स ओलांडणारा दोन-तृतीयांशाहून अधिक माल रेल्वेने जातो. कायद्याने ट्रकांच्या फेऱ्यांवर घातलेली वर्षाला साडेसहा लाखांची मर्यादा मात्र अद्याप गाठता आलेली नाही.