साडेअकरा सेंटीमीटरची गोष्ट

आजच्या भागात अशा एका वस्तूचा इतिहास, जिला ना बॅटरी लागते, ना नेटवर्क. लाल, पिवळी, हिरवी रंगवलेली एक पट्टी. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या डाव्या दंडाभोवती, खांदा आणि कोपराच्या बरोबर मधे गुंडाळायची आणि रंग बघायचा. लाल आला म्हणजे दंडघेर 11.5 सेंटीमीटरपेक्षा कमी. आपल्या अंगणवाडीच्या भाषेत मूल 'सॅम', म्हणजे तीव्र कुपोषित.

मी पडलो कोड लिहिणारा माणूस. माझा पहिला प्रश्न: हा साडेअकरा आला कुठून?

मूल वाळलंय हे आजीला नजरेनंही कळतं. पण शेकडो मुलांमधून आधी कोणाला उपचार द्यायचे हे ठरवायला आकडा लागतो. मेक्सिकोचे डॉक्टर फेदेरिको गोमेझ यांनी 1956 मध्ये एक सोपी पद्धत मांडली. त्या वयाला जेवढं वजन असायला हवं, त्याच्या किती टक्के आहे ते बघा. 60 टक्के किंवा कमी असेल तर सर्वांत गंभीर श्रेणी. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं 1972 मध्ये याच धर्तीवर स्वतःच्या चार श्रेणी केल्या आणि आपल्या अंगणवाड्या कित्येक वर्षं त्यांवरच चालल्या.

पण या पद्धतीत दोन मोठे बग होते. पहिला म्हणजे वय. जिथे जन्माची नोंदच नाही, तिथे आई सांगणार, 'पेरणीच्या आधी झाला.' कोणत्या वर्षीच्या पेरणीच्या? दुसरा बग जास्त वाईट. सिसिली विल्यम्स या डॉक्टरांनी 1930च्या दशकात आजच्या घानामध्ये 'क्वाशिओरकोर'चं वर्णन केलं होतं. यात कुपोषणामुळेच मुलाच्या अंगावर सूज येते. पाणी साठतं, वजन वाढतं आणि मरणाच्या दारातलं मूल काट्यावर ठीकठाक दिसतं! म्हणून आजही दोन्ही पाय अंगठ्यानं दाबून खड्डा पडतो का ते बघतात. दोन्ही पायांवर पडला, तर पट्टीचा रंग काहीही असो, मूल 'सॅम'च.

वयाच्या भानगडीवर उत्तर दंडात सापडलं. एक ते पाच वर्षांत बाळाची चरबी उतरते, स्नायू भरतात, त्यामुळे दंडाचा घेर फारसा बदलत नाही. वय नक्की माहीत नसलं तरी चालतं. नायजेरियातल्या बियाफ्रा युद्धात, 1967 ते 1970च्या काळात, क्वेकर स्वयंसेवकांनी याचा वापर केला. त्यांनी उंचीच्या काठीवरच दंडघेराच्या खुणा केल्या. घेराच्या खुणेपेक्षा मूल उंच भरलं, तर ते कुपोषित. ना गणित, ना तक्ता. पुढे आजच्या बांगलादेशात हीच काठी हजारो मुलांवर वापरून त्यांचा मागोवा घेतला गेला. बारीक दंडाची मुलं खरोखरच जास्त दगावत होती. 1975 मध्ये हे छापून आलं.

त्याच्या एक वर्ष आधी, 1974 मध्ये, बगदादचे डॉ. शाकिर आणि ब्रिटनचे डेव्हिड मॉर्ले यांनी काठीही काढून टाकली. उरली फक्त रंगीत पट्टी. धुऊन साफ केलेल्या जुन्या एक्स-रे फिल्मपासूनही ती बनायची. काय भारी जुगाड आहे बघा!

त्यांची लाल रेघ मात्र 12.5 वर होती. नंतर तीव्र कुपोषणासाठी 11 ही रेघ रूढ झाली. मग 2006 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं वाढीचे नवे निकष आणले. त्यासाठी मोजलेल्या मुलांत दिल्लीचीही मुलं होती. 2009 मध्ये संघटना आणि युनिसेफनं रेघ 11.5 वर नेली. म्हणजे 11.3 सेंटीमीटर दंडाचं मूल आदल्या दिवशी यादीबाहेर होतं, दुसऱ्या दिवशी उपचाराला पात्र. मूल तेच, दंड तोच. आपण थ्रेशोल्ड बदलतो तेव्हा डॅशबोर्डवरचा आकडा हलतो. इथे कोणाला औषधी आहार मिळणार ते बदलतं. म्हणून 'कुपोषण वाढलं' किंवा 'घटलं' अशी बातमी दिसली, की मी आधी रेघ कुठली होती ते शोधतो.

आणि एकच मापही पुरत नाही. उंचीच्या मानानं वजन बघितलं तर वेगळीच मुलं सापडतात. दोन्ही याद्या थोड्याच जुळतात. कोणती खरी, यावर तज्ज्ञ अजून भांडतायत.

दरम्यान आफ्रिकेतल्या नायजर देशात 2010 नंतर एक वेगळाच प्रयोग झाला. पट्टी थेट आयांच्या हातात दिली. त्यांचं मोजमाप आरोग्यसेविकांच्या तोडीचं निघालं आणि मुलं लवकर सापडली. कारण साधं होतं. सेविका कधीतरी येते, आई रोज अंघोळ घालते.