सावलीची मालकी

जुन्नरला लागून असलेल्या हापूसबागेत सौदागर घुमट ही जुनी कबर उभी आहे. बाग मात्र आता गावाच्या नावापुरतीच उरली आहे. जुन्या काळी बाग ही विहीर, मोट आणि राबणारी माणसे ज्याच्या हाताखाली, त्याचीच असायची. जुन्नर-आंबेगावात सावली जमीन-पाण्याच्या हक्कानेच वाटली गेली, असे मला वाटते. यावर कोणी म्हणेल, हा सगळा पावसाचा खेळ आहे. पश्चिमेला डोंगरातल्या आहुप्याला तो धो धो कोसळतो आणि पूर्वेला बेल्ह्याकडे ढग नुसते तोंड दाखवून जातात. हे खरे आहे, पण एकाच गावात, एकाच पावसात वाड्यामागे आमराई आणि ठाकरवाडीत उघडा माळ असतो, त्याचा उलगडा पावसाने होत नाही.

सावलीच्या या मालकीला एक मोठा अपवाद देवराईचा, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानाचा. आहुप्याची देवराई तिथल्या महादेव कोळी आदिवासींनी राखली आणि कुऱ्हाड वेशीवर थांबली. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास करून या राखणीचे मोल शास्त्राच्या भाषेत मांडले. काही देवरायांत बायकांना मज्जाव असे, म्हणजे न्याय तिथेही पुरा नव्हता; तरी ते रान कोणा एकाचे नव्हते. सरकारी राखणीची तऱ्हा वेगळी. दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाचे प्रमुख डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची एक बाग जुन्नर तालुक्यात हिवऱ्याला होती. १८४७मध्ये ते मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. रान तुटले की झरे आटतात, हे त्यांनी सरकारला बजावले. हे त्यांचे मोठे काम. पण त्यांचा रोख डोंगरातल्या कुमरी, म्हणजे रान जाळून केलेल्या फिरत्या शेतीवरही होता, आणि १८७८च्या वन कायद्याने तर रान राखणाऱ्यालाच रानात परका ठरवले.

पुढे कुकडी प्रकल्प आला. त्यातल्या डिंभे धरणाच्या जलाशयात आदिवासींच्या जमिनी गेल्या, पाणी कालव्याने पूर्वेकडे गेले आणि तो मुलूख उसाने हिरवागार झाला. ही हिरवाई सगळ्यांचीच, असे म्हणणाऱ्यांनी साखर कारखान्यांच्या भोवतालचे ऊसतोड मजुरांचे अड्डे पाहावेत. चहूबाजूंनी ऊस आणि मधल्या मोकळ्या रानात मजुरांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या. मार्चच्या उन्हात प्लॅस्टिकच्या कागदाखाली तान्ही मुले निजवलेली असतात. उसाखाली कोणाला बसता येत नाही. मजूर सहा महिन्यांचे पाहुणे, त्यांच्यासाठी झाडे कशाला, हा युक्तिवाद मला मान्य नाही. माणसे बदलतात, पण कोप्यांची जागा बहुधा वर्षानुवर्षे तीच राहते. करंज आणि कडुनिंब थोड्या वर्षांत सावली धरतात, आणि पहिली काही वर्षे त्यांना घालायला लागेल तेवढे पाणी शेजारच्याच पाटातून वाहत असते.