जमीन एकाची, घर दुसऱ्याचे

फणसवाडी, केळेवाडी, मुगभाट ही मुंबईतल्या गिरगावातली नावे आज चाळींच्या पत्त्यांवर दिसत असली, तरी मुळात ती बागायतीची आहेत. कोकणात वाडी म्हणजे घराभोवतीची माडा-पोफळीची बाग, गोव्यात तिलाच भाट म्हणतात. इंग्रजी दफ्तरात पोर्तुगीज ‘होर्ता’वरून या बागांना ‘ओर्ट’ हे नाव पडले. बाग एकाची आणि माडावर चढून ताडी काढणारा भंडारी वेगळा, ही रीत इथे जुनीच होती.

पोर्तुगीज राजवटीत गावे ‘फोरो’ नावाच्या ठरीव खंडावर दिली जात. इंग्रजांकडे मुंबई बेट आल्यावर कोणाची मालकी खरी, यावर तंटे माजले. 1670च्या दशकात गव्हर्नर जेराल्ड ऑंजिअरने जमीनदारांशी करार करून ते मिटवले: त्यांनी वर्षाला 20,000 झेराफिन (तेव्हाचे चलन) भरावेत आणि ईस्ट इंडिया कंपनीने जमिनींवरचा दावा सोडावा.

परळ, लालबागच्या बाजूचा सखल भाग मात्र खाजणाचा होता. वरळी आणि महालक्ष्मी यांमधल्या खिंडारातून भरती आत शिरे. 1780च्या दशकात हॉर्नबी वेलार्डचा बांध पुरा झाला आणि आतली जमीन हळूहळू कसण्याजोगी होऊ लागली. खारवट जमीन सहजी कोण घेणार? म्हणून बेटावरच्या अशा जमिनी नाममात्र खंडावर देण्यात आल्या. याच ‘फोरास’ जमिनी. फोरास रोडच्या नावात तो शब्द आजही टिकून आहे. पुढे त्या जमिनींना शहरी भाव आला आणि कसणाऱ्याचा हक्क कुठवर, हा वाद उभा राहिला. 1851च्या कायद्याने चालू खंड कायम ठेवून कंपनीचे बाकीचे हक्क कबजेदारांना सोडून दिले. खंड जुन्या दराचा आणि जमीन भर शहरातली, असा हा सौदा होता.

गिरगावात मात्र दुहेरी हक्काची फझेंदारी पद्धत मुरली. फझेंदाराने जमीन द्यायची, घेणाऱ्याने तिच्यावर स्वखर्चाने घर बांधायचे आणि जमिनीचे भाडे भरत राहायचे. घर विकता येई, वारसांना देता येई; खालची जमीन मात्र फझेंदाराचीच. हा भाडेकरू कायमचा की काढता येण्याजोगा, यावर पिढ्यान्‌पिढ्या खटले चालले. वकिलांची तरी चांगलीच सोय झाली म्हणायची.

एकोणिसाव्या शतकात वाड्यांमधले माड पडले आणि चाळी उठल्या. वाडीची हद्द आणि बोळ पुष्कळ ठिकाणी तसेच राहिले. 1896च्या प्लेगनंतर, 1898 साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याच्या शेतांत आणि बागांत त्याने रस्ते आखले आणि भूखंड दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने दिले. हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी यांतूनच उभ्या राहिल्या. इथेही जमीन ट्रस्टची आणि इमारत पट्टेदाराची.

1947च्या भाडेनियंत्रण कायद्याने मालकीची ही विभागणी थेट खोलीपर्यंत आणली. भाडे 1940च्या पातळीवर गोठले. मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरू खोली सोडेना. खोलीचा खरा भाव पागडीत उतरला: जाणारा भाडेकरू येणाऱ्याकडून रक्कम घेई आणि मालकाला त्यातला वाटा देई. पावती महिन्याच्या भाड्याचीच, तीही काही रुपयांची. पडक्या इमारतींसाठी 1969 साली उपकर आणि दुरुस्ती मंडळ आले. पागडीला मात्र 1999च्या भाडेनियंत्रण कायद्यापर्यंत मान्यतेची वाट पाहावी लागली.

गिरणगावात हाच प्रश्न निराळ्या रूपात आला. 1982च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर कापड गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्या सुमारे 600 एकर जमिनीचे काय करायचे, हा वाद पेटला. 1991च्या विकास नियंत्रण नियमावलीतील 58व्या नियमाने ढोबळमानाने तीन वाटे ठरवले: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडा या सरकारी गृहनिर्माण संस्थेला घरांसाठी, एक मालकाला. 2001च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरवली. शेडखालची जमीन, शेड पाडल्यावरही, वाटणीबाहेर राहिली. गिरण्यांच्या आवारात रिकामी जागा थोडी आणि शेडच फार, त्यामुळे सार्वजनिक वाटा खूप आटला. मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली.